फवारणीचा हिशेब आणि गावाची शिस्त



जळगाव-धुळ्याकडील शेतकरी कापसाचा खर्च सांगू लागला, की बियाणे, खत, निंदणी, फवारणी आणि वेचणी अशी यादी ओळीने येते. बियाण्याची पिशवी किती रुपयांना आली, हे त्याला सांगता येते. वेचणीचा दर किलोवर ठरलेला असतो. फवारणीचा आकडा मात्र हंगाम सरेपर्यंत कोणालाच ठाऊक नसतो. तो कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या वहीत हळूहळू वाढत जातो आणि कापूस विकल्यावर एकदम समोर उभा राहतो. शाश्वत शेतीची चर्चा करायची, तर प्रारंभ याच आकड्यापासून व्हायला हवा. कीटकनाशक चांगले की वाईट, हा वाद नंतरचा. त्याची खरी किंमत किती आणि ती कोणाला चुकवावी लागते, हा पहिला प्रश्न आहे.

एका फवारणीचे गणित

समजा, औषध, मजुरी आणि पंपाचे भाडे धरून एकरी एका फवारणीला एक हजार रुपये लागले. कापसाचा भाव क्विंटलला सात हजार, म्हणजे किलोला सत्तर रुपये धरू. या फवारणीने एकरी चौदा-पंधरा किलो कापूस वाचला, तर खर्च आणि लाभ यांची बरोबरी झाली. शेतात असलेली कीड पाच किलोचेच नुकसान करणार असेल, तर साडेतीनशे रुपये वाचवण्यासाठी हजार रुपये गेले. हा हिशेब चौथीतल्या मुलालाही करता येईल. त्याला शास्त्रीय रूप मिळाले ते १९५९ साली. कॅलिफोर्नियातील स्टर्न आणि त्यांच्या सहकारी कीटकशास्त्रज्ञांनी त्या वर्षी असे मांडले, की कीड दिसली एवढ्या कारणाने फवारणी करू नये. तिने होणारे नुकसान उपायाच्या खर्चापेक्षा अधिक होण्याच्या बेतात असेल, तेव्हाच फवारणी करावी. मराठी कृषिसाहित्यात यालाच ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ म्हणतात.

ही पातळी ओळखणे अवघड नाही. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग अडकले, किंवा फुलांचे व बोंडांचे नमुने तपासून दहा टक्क्यांत प्रादुर्भाव आढळला, तर उपायाची वेळ आली असे समजावे. तुडतुड्यांसाठी पानामागे दोन पिल्ले, हे प्रमाण सांगितले जाते. आठवड्यातून एक सकाळ शेतात फिरून वीस-पंचवीस झाडे पाहिली, की निर्णयापुरती माहिती हाती येते.

मग बहुसंख्य फवारण्या मोजणीविना का होतात? शेतकरी अडाणी आहे, असे उत्तर शहरातून दिले जाते. ते खरे नाही. ज्याने कर्ज काढून पीक उभे केले आहे, त्याच्या लेखी फवारणी हा विम्याचा हप्ता असतो. फुकट गेलेले हजार रुपये तो सोसू शकतो. पीक गेले, तर मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण अडते. शेजाऱ्याच्या शेतात पंपाचा आवाज सुरू झाला, की स्वतःच्या शेतात स्वस्थ बसणे अवघड होते. शिवाय सल्ला देणारा आणि औषध विकणारा बहुधा एकच असतो, आणि उधारीही त्याच्याकडेच असते. एखादा विक्रेता कितीही सचोटीचा असला, तरी ‘आज फवारू नका’ हा सल्ला त्याच्या गल्ल्याला परवडणारा नाही. दोष माणसांत शोधण्यापेक्षा या व्यवस्थेत शोधला पाहिजे.

वहीत न उतरणारा खर्च

उधारीच्या वहीत औषधाची किंमत लिहिली जाते. फवारणीचे आणखी तीन खर्च आहेत, ते कोणत्याही वहीत लिहिले जात नाहीत.

पहिला खर्च मित्रकिडींचा. ढालकिडा मावा खातो. क्रायसोपाची अळी मावा, तुडतुडे यांची पिल्ले फस्त करते. ट्रायकोग्रामा नावाची इवलीशी माशी बोंडअळीच्या अंड्यांतच स्वतःची अंडी घालते. हे सारे विनामजुरी राबणारे गडी आहेत. हंगामाच्या आरंभी जहाल औषध फवारले, की शत्रूंबरोबर हे गडीही मरतात. शत्रूंची पैदास झपाट्याने होते, गड्यांची सावकाश. म्हणून पहिल्या फवारणीनंतर दुसरी अपरिहार्य होते आणि दुसरीनंतर तिसरी. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि संध्याकाळी तेथेच असतो, तशी शेतकऱ्याची गत होते.

दुसरा खर्च किडीच्या प्रतिकारशक्तीचा. फवारणीतून ज्या थोड्या किडी वाचतात, त्या औषधाला दाद न देणाऱ्या असतात. पुढची पिढी त्यांचीच असते. १९८० च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे कापसावर आली आणि आरंभी त्यांनी चमत्कार वाटावा असे काम केले. पुढे आंध्रच्या किनारी पट्ट्यात पांढरी माशी उसळली. १९८७-८८ मध्ये गुंटूर-प्रकाशम भागात फवारणीमागून फवारणी करूनही बोंडअळी आवरली नाही आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी जीव दिला. १९९० च्या दशकात देशाच्या एकूण पीकक्षेत्रापैकी सुमारे पाच टक्के क्षेत्रावर कापूस होता. पण शेतीतील कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मी त्याच्यावर पडत होती, असे अभ्यासक सांगत. एवढे विष ओतूनही बोंडअळी हटली नव्हती.

तिसरा खर्च माणसाचा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पुरुषभर उंचीच्या दाट कापसात, दमट हवेत, तोंडाला फडकेही न बांधता ही माणसे पंप चालवत होती. डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. पण दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळली, की त्या त्रिकोणांना अर्थ उरत नाही. यांतील अनेक जण मजूर होते. कापसाचा नफा त्यांच्या घरी जाणार नव्हता. फवारणीची सर्वांत मोठी किंमत मात्र त्यांच्या घरांनी चुकवली.

बीटी कापसाने शिकवलेला धडा

मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने बीटी कापसाला मान्यता दिली. निष्पक्षपणे पाहिले, तर आरंभीच्या वर्षांत त्याने बोंडअळीवरील फवारण्या खरोखरच कमी केल्या. खानदेशातील शेतकऱ्यांनी तो उगाच स्वीकारला नाही. २००६ मध्ये दोन जनुके असलेले दुसरे वाण आले. त्याच वर्षी राज्य सरकारांच्या हस्तक्षेपामुळे बियाण्याच्या पिशवीची किंमत सोळाशे-अठराशेवरून साडेसातशेच्या आसपास उतरली. कपाशीचे जवळजवळ सारे क्षेत्र बीटीखाली आले.

४५० ग्रॅम बियाण्याच्या त्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमची एक वेगळी पुडी येत असे. ते बियाणे बीटी नव्हते. शेताच्या कडेने त्याच्या ओळी लावाव्यात, असा नियम होता. त्या ओळींवर साध्या, विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी जुळावेत आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडावी, असा त्यामागचा विचार होता. बहुतेक शेतांत ती पुडी पेरलीच गेली नाही. कडेच्या चार ओळी किडीला का खाऊ घालायच्या, असा सरळ हिशेब प्रत्येकाने केला. एकट्याच्या शेतापुरता तो बरोबरही होता. सगळ्यांनी तोच केला, तेव्हा तो सगळ्यांवर उलटला. गुजरातेत पहिल्या जनुकाला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही, हे २०१० मध्ये जाहीर झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत दुसरे जनुकही निष्प्रभ ठरले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांची बोंडे आतून पोखरली गेली.

या अळीची कथा खानदेशाला परकी नाही. १८४० च्या दशकात शेजारच्या भडोच येथील कापसावरील नमुन्यांवरूनच तिचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले. पुढे ती जगभर पसरली आणि अमेरिकेतील ॲरिझोनातही पोहोचली. तेथेही बीटी कापूस आला. तेथील शेतकऱ्यांनी मात्र अनेक वर्षे साध्या कापसाचे क्षेत्र नियमाने राखले. पुढे एकजुटीने मोहीम काढून त्यांनी नपुंसक केलेले पतंग शिवारात सोडले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. अळी तीच होती, जनुकही त्याच जातीचे होते. तेथील शेते मोठी आणि संघटना बळकट, इकडे दोन-तीन एकरांचे तुकडे आणि संकरित वाणांची गर्दी, हा फरक मान्य केला पाहिजे. पण निर्णायक फरक शिस्तीचाच होता.

सामायिक ठेव

यातून अर्थशास्त्राचा एक मूलभूत मुद्दा पुढे येतो. औषधाची बाटली एकट्याच्या मालकीची असते. पण कीड त्या औषधाला बळी पडते, हा गुण कोणा एकाच्या मालकीचा नसतो. ती साऱ्या शिवाराची सामायिक ठेव असते. गावच्या गायरानासारखीच तिची स्थिती आहे. ती उधळणाऱ्याला लाभ एकट्याला मिळतो आणि तोटा सर्वांत वाटला जातो. ती जपणाऱ्याला खर्च एकट्याला पडतो आणि लाभ सर्वांना मिळतो. अशा ठेवीचे रक्षण बाजारभाव करू शकत नाही आणि केवळ सरकारी परिपत्रकही करू शकत नाही. पतंग बांध ओळखत नाही. त्यामुळे एका शेतकऱ्याने एकट्याने शाश्वत शेती करायची ठरवली, तरी तिचे यश शेजाऱ्याच्या वागण्यावर अवलंबून राहते.

खानदेशात याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मे महिन्यातील पूर्वहंगामी लागवड. ज्याच्या विहिरीला पाणी आहे आणि ठिबकची सोय आहे, तो मे महिन्यातच कापूस लावतो. त्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. पीक लवकर हाती येते, परतीच्या पावसाचा धोका टळतो, रब्बीसाठी शेत मोकळे होते. पण गेल्या हंगामातील बोंडांत आणि पऱ्हाट्यांत सुप्तावस्थेत राहिलेल्या अळ्यांचे पतंग पावसाळ्याच्या तोंडाशी बाहेर पडतात. त्या वेळी शिवारात कापसाचे फूल नसेल, तर त्यांची वीण तेथेच खुंटते. लवकर लावलेल्या कापसाची पाती-फुले त्यांना सापडली, की पहिली पिढी तेथे पोसली जाते. पुढच्या पिढ्या जूनमध्ये पाऊस पाहून पेरणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पिकावर उतरतात. बागायतदाराचा लाभ आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा फवारणी खर्च असा एकाच धाग्यात गुंतलेला आहे. याच कारणासाठी गेल्या काही वर्षांत कृषी विभागाने बियाणे विक्रीच्या तारखांवर निर्बंध घातले आणि एक जूननंतरच लागवड करण्याचा आग्रह धरला.

हंगामाच्या दुसऱ्या टोकाला फरदड आहे. डिसेंबरनंतर पाणी देऊन कापूस तसाच उभा ठेवला, तर दोन-तीन क्विंटल जास्तीचा माल मिळेल अशी आशा असते. त्यात कवडीच अधिक निघते आणि अळीला उन्हाळ्यापर्यंत अन्न मिळते. फरदडीच्या उत्पन्नातून पुढच्या वर्षी साऱ्या गावाला कराव्या लागणाऱ्या जादा फवारण्या वजा केल्या, तर शिल्लक काय राहते याचा हिशेब गावाने एकदा मांडून पाहावा.

केळीचे उदाहरणही असेच आहे. रावेर-यावलच्या बागांत २०२० नंतरच्या काही वर्षांत कुकुंबर मोझॅक विषाणूने मोठी हानी केली. विषाणू झाडात शिरल्यावर कोणतीही फवारणी त्याला बरे करत नाही. मावा त्याचा प्रसार करतो आणि तणांवर व वेलवर्गीय भाज्यांवर तो टिकून राहतो. रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करणे हाच उपाय. पण शेजारच्या बागेत रोगट झाडे उभी असतील, तर स्वतःची झाडे उपटणाऱ्याचा त्याग वाया जातो.

फडाची परंपरा

गावाने मिळून पिकाचा निर्णय घेणे हे अशक्य कोटीतले आहे, असे कोणी म्हणेल. खानदेशात तरी असे म्हणता येणार नाही. पांझरा नदीवर साक्री व धुळे तालुक्यांत शेकडो वर्षे चाललेली फड पद्धत हा त्याचा जिवंत पुरावा आहे. बंधाऱ्याखालील जमीन काही फडांत विभागलेली असे. प्रत्येकाची जमीन त्याच्या मालकीची. पण एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यायचे, आणि कोणत्या फडात कोणते पीक हे सर्वांनी मिळून ठरवायचे. पाणी देण्यासाठी पाटकरी, पिकाच्या राखणीसाठी जागल्या, आणि त्यांचा खर्च शेतकऱ्यांनीच उचलायचा. पुढे धरणे, विहिरी आणि पंप आले, प्रत्येक जण आपापला मोकळा झाला आणि बहुतेक ठिकाणी फड मोडले. पण पाणी ही सामायिक ठेव आहे आणि ती शिस्तीनेच टिकते, हे शहाणपण या मातीत होते.

ते संपलेलेही नाही. साक्री तालुक्यातील बारीपाडा या वनवासी गावाने १९९० च्या दशकापासून स्वतःचे नियम करून शेकडो हेक्टर जंगल राखले आणि वाढवले. या कार्याचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा गावाच्या शिस्तीचाच तो गौरव होता. जंगल जर गाव राखू शकते, तर शिवारातील कीडव्यवस्थापनही राखू शकते. नांदेड जिल्ह्यातील आष्टा गावात १९९० च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय एकात्मिक कीडव्यवस्थापन केंद्राने कापसाचा प्रयोग केला, तो एका शेतावर नव्हे, गावपातळीवर. आंध्रातील, आता तेलंगणातील, पुनुकुला या गावाच्या पंचायतीने २००४ च्या सुमारास कीटकनाशकमुक्तीचा निर्णय केला, तोही शेतकऱ्यांनी आधी एकमेकांची पिके पाहून खात्री करून घेतल्यावर.

घाईही नको, आळसही नको

या विषयात दोन टोके टाळली पाहिजेत. २०२१ मध्ये श्रीलंकेने रासायनिक खते व कृषिरसायनांच्या आयातीवर एका झटक्यात बंदी घातली. तयारी नसलेल्या शेतकऱ्यांचे उत्पादन कोसळले आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला. याउलट इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, कीटकनाशकांवरील अनुदान टप्प्याटप्प्याने काढून घेतले आणि त्याच वेळी शेतकऱ्यांना शेतात बसून कीड मोजण्याचे शिक्षण देण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. तेथे फवारणी घटली आणि भाताचे उत्पादन टिकून राहिले. बंदीबरोबर पर्याय आणि शिक्षण होते, म्हणून ती पेलली.

जळगाव-धुळ्यातील गावांनी प्रारंभ करायचा, तर काही गोष्टी लगेच हाती घेता येतील. ग्रामसभेत लागवडीचा पहिला दिवस आणि कापूस उपटण्याचा शेवटचा दिवस ठरवावा. पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर ठेवू नयेत. जिनिंगच्या आवारात, जेथे सरकीबरोबर अळ्याही येतात, तेथे सापळे लावण्याचा आग्रह धरावा. गावातील शिकलेल्या चार तरुणांनी आठवड्यातून एकदा ठरावीक शेतांतील सापळे व बोंडे मोजावीत आणि आकडे चावडीवरील फळ्यावर लिहावेत. फळ्यावरचा आकडा पातळीखाली असेल, तर पंप बाहेर काढू नये. त्या आकड्यामागे विक्रीचा हेतू नसल्याने त्यावर विश्वास बसेल. पावसाळ्याच्या तोंडाशी महिला बचत गटांनी निंबोळ्या गोळा कराव्यात. पाच किलो निंबोळीचा चुरा आणि शंभर लिटर पाणी, एवढ्यात पाच टक्क्यांचा अर्क होतो. तो आरंभीच वापरला, तर मित्रकिडी बऱ्याच अंशी वाचतात. बांधाच्या कडेने चवळी, मका, झेंडू लावावा. हलक्या कोरडवाहू जमिनीत रसशोषक किडींना तोंड देणाऱ्या देशी कापसाचा विचार करावा. जळगावच्या संशोधन केंद्रातून आलेला जेएलए ७९४ हा वाण त्याच कुळातला आहे. आणि फवारणी करावीच लागली, तर ती करणाऱ्या मजुराला हातमोजे, मुखपट्टी आणि अंघोळीचे पाणी देणे हा उपकार नसून खर्चाचाच एक भाग समजावा.

बागायतदाराला मे महिन्यातील लाभ सोडावा लागेल. हा त्याग लहान नाही. म्हणून गावानेही त्याची भरपाई शोधली पाहिजे. ट्रॅक्टर, साठवण, एकत्रित विक्री, अशा कोणत्या ना कोणत्या रूपाने ती देता येईल. केवळ उपदेशावर कोणतीही शिस्त टिकत नाही. फडही उपदेशावर टिकला नव्हता; त्यात प्रत्येकाला पाणी मिळत होते, म्हणून तो टिकला.

कीटकनाशकाची बाटली दुकानात मिळते आणि तिच्यावर किंमत छापलेली असते. तिचा परिणाम टिकवणारी गोष्ट दुकानात मिळत नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर ठेवलेला विश्वास आणि सर्वांनी मिळून पाळलेली तारीख यांतूनच ती निर्माण होते. येत्या लागवडीपूर्वी जी गावे ही तारीख ठरवतील, त्यांच्या शिवारात फवारणीचा आकडा उतरू लागेल. आणि पावसाळ्यात पंप पाठीवर घेऊन गेलेला मजूर संध्याकाळी धडधाकट घरी परतेल, याची शाश्वतीही वाढेल.